क्राउडफंडिंगमधून ११ लाख डॉलर: अमेरिकेत रेग सीएफ की ब्रिटनमधून? ऑडिट, टार्गेट आणि शेअरधारकांची यादी

भांडवल_हवंय

कंपनी डेलावेअरमध्ये नोंदलेली सी-कॉर्प आहे, कामकाज अमेरिकेतूनच चालतं. पाण्याचे नमुने जागेवर तपासणारं हातात मावेल एवढं यंत्र बनवतो. नमुना तयार आहे. साचे, प्रमाणपत्रं आणि पहिली खेप यासाठी हातात ११ लाख डॉलर पडायला हवेत. ग्राहक मुख्यतः संस्था असल्यामुळे किकस्टार्टरसारखी आगाऊ विक्री उपयोगाची नाही, शेअर देऊनच पैसा उभा करायचा आहे. दोन एंजल गुंतवणूकदारांकडून आधी सेफवर (पैसा आत्ता, शेअर पुढच्या फेरीत असा करार) रक्कम घेतलेली आहे. ब्रिटनमध्ये १०० टक्के मालकीची उपकंपनी आहे आणि आमच्या ईमेल यादीतले निम्मे लोक ब्रिटन व युरोपातले आहेत. क्राउडफंडिंग पूर्वी कधी केलेलं नाही.

विचारायचं असं: एवढ्या रकमेला पूर्ण ऑडिट लागतं का? ब्रिटनमध्ये गुंतवणूकदाराला करसवलत मिळते म्हणतात, तर उपकंपनीतून पैसा उभारणं बरं का? टार्गेट ११ लाखच ठेवायचं का? आणि शेकडो छोटे शेअरधारक झाल्यावर पुढचे व्हेंचर फंड खरंच पळ काढतात का?

कलम_४अ

आधी चौकट. रेग्युलेशन क्राउडफंडिंग, म्हणजेच रेग सीएफ, हे अमेरिकेच्या २०१२च्या जॉब्स कायद्यातलं तिसरं प्रकरण. नियम प्रत्यक्ष लागू झाले १६ मे २०१६ला. सुरुवातीला बारा महिन्यांत १० लाख डॉलरची मर्यादा होती, मार्च २०२१पासून ती ५० लाख आहे. तुमचे ११ लाख त्यात आरामात बसतात. रेग ए या दुसऱ्या मार्गाने ७.५ कोटींपर्यंत जाता येतं, पण तिथे एसईसीने (अमेरिकेचा रोखे-बाजार नियामक) कागदपत्रं तपासून मंजूर करेपर्यंत एक पैसा घेता येत नाही. एवढ्या रकमेसाठी त्या वाटेला जाऊ नका.

रेग सीएफमध्ये एसईसी मंजुरी देत नाही. तुम्ही फॉर्म सी (ऑफरची सगळी माहिती देणारा अर्ज) ईडगार या एसईसीच्या ऑनलाइन व्यवस्थेत दाखल करता आणि ऑफर उघडते. मात्र ऑफर एसईसीकडे नोंदलेल्या आणि फिन्राचा (ब्रोकरांची स्वनियामक संस्था) सदस्य असलेल्या एकाच मध्यस्थामार्फत चालवावी लागते, मग तो ब्रोकर-डीलर असो वा फंडिंग पोर्टल. दोन पोर्टलांवर एकच ऑफर टाकता येत नाही. पोर्टल पैसा स्वतःकडे ठेवू शकत नाही, तो बँकेत किंवा एस्क्रोत (तटस्थ तिसऱ्याच्या खात्यात) जातो.

ईडगारच्या प्रवेशाचं काम सगळ्यात आधी सुरू करा. फॉर्म आयडी नोटरीसमोर सही करून द्यावा लागतो आणि सप्टेंबर २०२५पासून नव्या पद्धतीत प्रत्येक व्यक्तीचं लॉगइन वेगळं असतं. लोक हे शेवटच्या आठवड्यावर ठेवतात आणि तयार फॉर्म सी हातात धरून बसतात.

फॉर्म सीमध्ये काय भरायचं हे पोर्टल सांगेलच. अडखळायला होतं ते तीन ठिकाणी. संबंधितांशी झालेले व्यवहार: संचालक, अधिकारी, २० टक्क्यांवर मतदानाचा हक्क असलेले मालक आणि त्यांचे नातेवाईक यांच्याशी बारा महिन्यांतल्या उभारणीच्या ५ टक्क्यांपेक्षा मोठा व्यवहार असेल तर तो उघड करावा लागतो. संस्थापकाने कंपनीला दिलेलं कर्ज इथेच सापडतं. दुसरं म्हणजे पैशाचा विनियोग, तो टार्गेटएवढीच रक्कम जमली तर कसा आणि कमाल रक्कम जमली तर कसा, हे दोन्ही लिहायचं. तिसरं, याच मंडळींची पार्श्वभूमी तपासणी. फसवणुकीची शिक्षा किंवा ठरावीक मुदतीतले नियामकांचे आदेश एखाद्याच्या नावावर निघाले तर कंपनीच अपात्र ठरते. कॅप टेबलवर (कोणाकडे किती हिस्सा याचा तक्ता) कोण २० टक्क्यांच्या वर आहे हे आजच बघा.

ब्रिटनच्या उपकंपनीबद्दल इथे दुसरं कोणी जास्त नेमकं सांगेल.

ताळेबंद

ऑडिटचं उत्तर: तुमच्या बाबतीत लागत नाही, पण अगदी थोडक्यात सुटता.

टप्पे कमाल ऑफर रकमेवर ठरतात, शेवटी किती जमलं यावर नाही. त्यात मागच्या बारा महिन्यांत याच नियमाखाली उभारलेलं धरायचं. १ लाख २४ हजार डॉलरपर्यंत मुख्य अधिकाऱ्याने प्रमाणित केलेली विवरणं आणि कर विवरणपत्रातले काही आकडे चालतात. त्यापुढे ६ लाख १८ हजारांपर्यंत स्वतंत्र सीपीएचा (अमेरिकेतला सनदी लेखापाल) रिव्ह्यू, म्हणजे ऑडिटपेक्षा हलकी तपासणी. त्याच्या वर ऑडिट. मात्र पहिल्यांदाच रेग सीएफ करणाऱ्या कंपनीला १२ लाख ३५ हजारांपर्यंत रिव्ह्यूवर भागवता येतं. हे आकडे २०२२मध्ये महागाईप्रमाणे वाढवलेले आहेत, अशी उजळणी दर पाच वर्षांनी तरी व्हावी असं कायदा म्हणतो. म्हणून दाखल करण्याच्या दिवशीचा आकडा बघून घ्या.

आता तुमचं गणित. हातात ११ लाख हवेत. पोर्टलचं कमिशन ७ टक्के धरा, वकील, सीपीए, व्हिडिओ आणि जाहिरात मिळून ४० हजार धरा. मग ११ लाख ४० हजारांना ०.९३ने भागायचं: १२ लाख २५ हजार ८०६ डॉलर. म्हणजे ऑडिटच्या रेषेखाली जेमतेम ९ हजारांची फट उरते. कमाल ऑफर १२,३५,००० लिहा, वर एक डॉलरही नको. कमिशन ८ टक्के निघालं तर हिशेब १२ लाख ३९ हजारांवर जातो आणि तुम्ही ऑडिटमध्ये. टक्केवारीची घासाघीस इथे खरोखर कामाची आहे. काही पोर्टल रोख कमिशनशिवाय एक-दोन टक्के शेअरही मागतात, ते रोखीत दिसत नसले तरी कॅप टेबलवर दिसतात.

रिव्ह्यू म्हणजे ऑडिट नव्हे, पण हिशेब यूएस गॅप या अमेरिकी लेखा-मानकांप्रमाणेच हवेत आणि मागच्या दोन आर्थिक वर्षांचे हवेत. कंपनी त्याहून नवी असेल तर स्थापनेपासूनचे. तुम्ही आजवर रोख पद्धतीने वह्या ठेवल्या असतील तर खरा वेळ त्या उपार्जित पद्धतीत आणण्यात जातो. सेफ कुठे दाखवायचं, साच्यांचा आगाऊ खर्च भांडवली की महसुली, संशोधनाचा खर्च, संस्थापकाचं न घेतलेलं वेतन: सीपीए यावरच प्रश्न विचारतो. स्वतंत्र याचा अर्थही नीट घ्या. जो तुमच्या वह्या लिहितो, त्याच्याकडून रिव्ह्यू करून घेऊ नका.

आणखी एक सापळा तारखेचा. आर्थिक वर्ष संपून १२० दिवस होईपर्यंत त्याआधीच्या वर्षाची विवरणं चालतात, नंतर नाही. वर्ष डिसेंबरला संपत असेल आणि तुमची मोहीम एप्रिलअखेर ओलांडून जाणार असेल तर नव्या वर्षाचे हिशेब तयार ठेवा. आणि कंपनीकडे कोणत्याही कारणाने ऑडिट झालेली विवरणं आधीच असतील तर ती द्यावीच लागतात. रिव्ह्यू पुरेसा आहे म्हणून ती कपाटात ठेवता येत नाहीत.

टेम्सकाठ

उपकंपनीचा विचार सोडून द्या. कारण सांगतो.

ब्रिटनमध्ये लोक ज्या करसवलतीसाठी क्राउडफंडिंगमध्ये येतात त्या दोन: अगदी नव्या कंपन्यांसाठीच्या एसईआयएस योजनेत गुंतवलेल्या रकमेच्या ५० टक्के आयकर सूट, तिच्या पुढच्या टप्प्याच्या ईआयएस योजनेत ३० टक्के. दोन्हींत शेअर तीन वर्षं धरून ठेवावे लागतात आणि दोन्हींत स्वातंत्र्याची अट आहे: कंपनी दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात असता कामा नये. तुमची उपकंपनी १०० टक्के डेलावेअरच्या ताब्यात. पहिल्याच प्रश्नाला बाद. करसवलत नसलेली ऑफर तिथल्या छोट्या गुंतवणूकदाराला विकणं फार अवघड जातं, कारण शेजारच्या पानावर सवलतीची ऑफर असते.

पुढे कधी मूळ कंपनीच ब्रिटनमध्ये असलेली कोणी हा धागा वाचत असेल तर: एसईआयएसमध्ये कंपनीला एकूण २ लाख ५० हजार पौंड घेता येतात, व्यवसाय सुरू होऊन तीन वर्षं झालेली नसावीत आणि एकूण मालमत्ता ३ लाख ५० हजार पौंडांच्या आत हवी. एचएमआरसीकडून (ब्रिटनचं करखातं) आगाऊ हमी घेतल्याशिवाय मोहीम उघडू नये. शेअर साधे हवेत, मालमत्ता वाटपात अग्रहक्क असलेले चालत नाहीत. परिवर्तनीय कर्जरोखेही चालत नाहीत. आगाऊ वर्गणी करार (पैसा आत्ता, शेअर नंतर) चालतो, पण त्यात शेअर देण्याची शेवटची मुदत सहा महिन्यांच्या आत असावी असं एचएमआरसी म्हणतं. एसईआयएस आणि ईआयएस दोन्ही घेत असाल तर एसईआयएसचे शेअर आधी आणि ईआयएसचे निदान एक दिवस नंतर वाटा. संचालक मंडळाच्या एका ठरावात दोन्ही उरकल्याने सवलत गेलेली प्रकरणं असतात.

आता तुमच्या ईमेल यादीचा मुद्दा, जो कमिशनपेक्षा महाग पडू शकतो. ब्रिटनमधल्या माणसाला "आमच्या कंपनीत गुंतवा" असं पत्र पाठवणं ही तिथे वित्तीय जाहिरात धरली जाते. २०००च्या वित्तीय सेवा कायद्याच्या कलम २१प्रमाणे अशी जाहिरात अधिकृत संस्थेनेच करावी किंवा मंजूर करावी लागते, नाहीतर एखाद्या सवलतीत बसावी लागते. फेब्रुवारी २०२४पासून तर दुसऱ्यांच्या जाहिराती मंजूर करायलाही अधिकृत संस्थेला वेगळी परवानगी लागते. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि झालेले करार गुंतवणूकदारावर बंधनकारक राहत नाहीत. पत्र अमेरिकेतून पाठवलं म्हणून सुटका नाही, ते ब्रिटनमध्ये परिणाम करतं एवढं पुरतं.

तेव्हा यादी देशवार फोडा. ब्रिटन आणि युरोप वेगळे काढून ठेवा आणि तुमचं पोर्टल त्या देशांतल्या लोकांना घेतं का, कोणत्या अटींवर, हे लेखी विचारा. अमेरिकेचा नियम परदेशी माणसाला अडवत नाही, अडवतो तो त्याच्या देशाचा.

युरोपचं थोडक्यात: युरोपीय संघाचा क्राउडफंडिंगवरचा २०२०/१५०३ हा नियम १० नोव्हेंबर २०२१पासून लागू आहे. एका देशात परवाना घेतलेलं व्यासपीठ सगळ्या सदस्य देशांत चालतं, मर्यादा बारा महिन्यांत ५० लाख युरो. माहितीपत्रक सहा ए-४ पानांत बसवावं लागतं. नवख्या गुंतवणूकदाराची ज्ञानचाचणी, तोटा सोसण्याची आकडेमोड आणि चार दिवसांचा फेरविचाराचा काळ. म्हणजे तिथे पडद्यावर दिसलेली रक्कम चार दिवस कच्ची समजायची. ब्रिटनमध्ये पहिल्यांदा गुंतवणाऱ्याला २४ तास थांबावं लागतं आणि "मित्राला आणा, बक्षीस मिळवा" वगैरे आमिषांवर बंदी आहे. अमेरिकेतल्या मोहिमेची नक्कल तिकडे तशीच्या तशी चालत नाही ती यामुळे.

भांडवल_हवंय

ब्रिटनचा विषय संपला, आभार. मग आता दोनच प्रश्न उरतात. एक, टार्गेट किती ठेवायचं. दोन, शेअर विकायचे की सेफच पुढे चालवायचं? पोर्टलचा माणूस म्हणतो टार्गेट ५० हजार ठेवा आणि सेफ वापरा, सगळे तेच करतात.

आधी_यादी

टार्गेटबद्दल पोर्टलचा सल्ला अर्धा बरोबर आहे, आणि तो पोर्टलच्या सोयीचा आहे.

नियम असा: ठरलेल्या मुदतीत टार्गेट गाठलं नाही तर सगळा पैसा परत. म्हणून टार्गेट ११ लाख ठेवणं धोक्याचं, १० लाख ९० हजार जमले तरी हातात शून्य. पण ५० हजार ठेवलं तर ५० हजारांवर तुम्ही कायद्याने पैसा उचलू शकता, आणि ५० हजारांत साचासुद्धा होत नाही. गुंतवणूकदाराचे पैसे मग अर्धवट कामात अडकतात आणि फॉर्म सीमध्ये "टार्गेटएवढेच जमले तर" या रकान्यात तुम्हाला काहीतरी अवघडल्यासारखं लिहावं लागतं. चांगला वाचणारा गुंतवणूकदार तोच रकाना आधी उघडतो.

टार्गेट म्हणजे अशी सर्वात लहान रक्कम, जिच्यातून एक पूर्ण टप्पा होतो. तुमच्या बाबतीत कदाचित फक्त साचे आणि प्रमाणपत्रं. ती रक्कम काढा, तेवढं टार्गेट. कमाल १२,३५,०००. टार्गेटच्या वर पैसा आला तर वाटप कसं करणार, आधी येणाऱ्याला आधी की प्रमाणात, हेही फॉर्म सीमध्ये लिहायचं असतं.

वेळापत्रक उलट बाजूने आखा. माहिती पोर्टलवर किमान २१ दिवस असल्याशिवाय विक्री पूर्ण करता येत नाही. गुंतवणूकदार मुदतीच्या ४८ तास आधीपर्यंत माघार घेऊ शकतो. टार्गेट लवकर गाठलं तर मुदत अलीकडे आणता येते, पण ५ कामकाजाचे दिवस आधी कळवून. त्यानंतरही उरलेली रक्कम कमाल मर्यादेपर्यंत घेत राहता येते, टप्प्याटप्प्याने पैसा उचलतात तो असाच.

मोहीम मरते ती बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात. पान उघडलं आणि त्यावर २ टक्केच भरलेले दिसले तर अनोळखी माणूस थांबत नाही. म्हणून टार्गेटचा निदान तिसरा हिस्सा ओळखीच्या लोकांकडून पक्का ठरल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. हा कायदा नाही, माझं मत आहे. यासाठी नियम २०६ वापरा: फॉर्म सीच्या आधी तुम्ही लोकांना "रस आहे का" असं विचारू शकता. पैसा मागत नाही आणि दिला तरी घेणार नाही, फॉर्म सी दाखल होऊन पोर्टलवर ऑफर उघडेपर्यंत काहीच स्वीकारणार नाही, आणि रस दाखवल्याने कोणी बांधला जात नाही, ही वाक्यं त्यात असली पाहिजेत. त्यावेळी वापरलेलं लिखित साहित्य नंतर फॉर्म सीला जोडावं लागतं, तेव्हा पाठवलेलं सगळं जपून ठेवा.

"रस आहे" म्हणणाऱ्यांनी लिहिलेले आकडे मात्र जसेच्या तसे बेरजेत घेऊ नका. काहींची मर्यादाच कमी निघते. उदाहरणार्थ वार्षिक उत्पन्न ८० हजार आणि निव्वळ संपत्ती ६० हजार डॉलर असलेला माणूस: दोन्हींपैकी एक तरी १ लाख २४ हजारांच्या खाली, म्हणून २,५०० डॉलर किंवा मोठ्या आकड्याचे ५ टक्के यातलं जास्त, म्हणजे ४,०००. आणि ही मर्यादा बारा महिन्यांतल्या सगळ्या रेग सीएफ ऑफर मिळून. उत्पन्न दीड लाख आणि संपत्ती ३ लाख असेल तर मोठ्याचे १० टक्के, ३० हजार. संपत्तीत राहतं घर धरत नाहीत. मान्यताप्राप्त गुंतवणूकदारांना (उत्पन्न-संपत्तीच्या वरच्या अटींत बसणारे) २०२१पासून मर्यादा नाही.

शिवाय पानावर दिसणारी बेरीज आणि खात्यात येणारी रक्कम यांत फरक पडतो. बँकेतून येणारी रक्कम उलटते, ओळख तपासणीत माणूस अडकतो, शेवटच्या ४८ तासांच्या आधी लोक माघार घेतात. साचेवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची तारीख या फरकाला जागा सोडूनच ठरवा.

कलम_४अ

वरच्या प्रतिसादात जाहिरातीचा नियम राहिला. तिथेच संस्थापकांचा पाय सगळ्यात जास्त घसरतो.

फॉर्म सी दाखल झाल्यावर दोन प्रकारचं बोलणं असतं. ऑफरच्या अटींचा उल्लेख नसलेलं: कारखान्याचे फोटो, नवा ग्राहक, यंत्राची चाचणी. ते नेहमीसारखं करा. दुसरं म्हणजे अटींचा उल्लेख असलेलं: किती शेअर, कोणत्या भावाने, कधीपर्यंत, किती जमलं, पैसा कशासाठी. यातलं एक जरी आलं की ती नियम २०४ची सूचना होते आणि तिच्यात मग कंपनीचं नाव-पत्ता, व्यवसायाची त्रोटक वस्तुनिष्ठ ओळख, त्या अटी आणि पोर्टलचा दुवा, एवढंच चालतं.

"फक्त तीन दिवस उरले, शेअर २ डॉलरला, आणि हो, या तिमाहीत विक्री दुप्पट झाली!" यात मुदत आणि भाव आहे, म्हणून विक्रीचं वाक्य बेकायदा. तेच वाक्य वेगळ्या दिवशी, मुदत-भाव काढून, चालेल. दोन टेम्पलेट करून ठेवा आणि तिसरं कोणाला लिहू देऊ नका, विशेषतः उत्साही कर्मचाऱ्याला. पैसे देऊन कोणाकडून पोर्टलच्या चर्चेत प्रचार करवला तर मोबदला तिथेच उघड करावा लागतो. तुमच्या कर्मचाऱ्यालाही आपण कंपनीचा माणूस आहोत हे सांगावं लागतं.

आणि मोहीम चालू असताना मूल्यांकन बदलू नका. महत्त्वाचा बदल झाला की सुधारित फॉर्म, मग आधीच्या प्रत्येक गुंतवणूकदाराने ५ कामकाजाच्या दिवसांत पुन्हा होकार द्यायचा. उत्तर न देणारा आपोआप बाद. लोक ईमेल उघडत नाहीत. चांगल्या हेतूने मूल्यांकन कमी केलेल्या मोहिमाही इथे गळतात.

सेफ की शेअर यावर: साध्या सेफचं रूपांतर होतं ते पुढे अग्रहक्क शेअरांची (कंपनी मोडली-विकली तर ज्यांना पैसा आधी मिळतो) ठरलेल्या मूल्यांकनावर फेरी झाली तर. ती कधीच झाली नाही, कंपनी नफ्यात शांतपणे चालत राहिली, तर गर्दीतला माणूस वर्षानुवर्षं ना शेअरधारक ना सावकार. एसईसीनेही किरकोळ गुंतवणूकदारांना सेफबद्दल सावध केलेलं आहे. तुमचा व्यवसाय यंत्रं विकून चालणारा, पुढची फेरी होईलच असं नाही. म्हणून मी भाव ठरवून शेअर विकायला सांगेन.

पण तुमच्या एंजलांचे सेफ वाचा. त्यातली "इक्विटी फायनान्सिंग"ची व्याख्या अग्रहक्क शेअरांपुरतीच असेल आणि तुम्ही गर्दीला साधे शेअर विकले, तर जुने सेफ रूपांतरित होत नाहीत, डोक्यावर तसेच राहतात. मग गर्दीने दिलेला भाव सेफ धरून काढला की सोडून, हे पानावर ठळक सांगावं लागेल. अग्रहक्क शेअर विकले तर सेफ त्याच वेळी रूपांतरित होतात, कॅप टेबल एकदाच स्वच्छ होतं, वकिलाचं बिल मात्र वाढतं. दोन्हींचा तक्ता मांडल्याशिवाय मूल्यांकन जाहीर करू नका.

ताळेबंद

पोर्टलच्या माणसाला सेफ आवडतो कारण कागद तयार असतो. एवढंच.

अजून एक पर्याय तुमच्या ९ हजारांच्या फटीवर. मोठे चेक रेग सीएफमध्ये घेऊच नका. त्याच भावाने समांतर ५०६(सी) फेरी ठेवा, म्हणजे एसईसीच्या वेगळ्या सवलतीखालची, फक्त मान्यताप्राप्त गुंतवणूकदारांसाठी. त्यांची मान्यता नुसत्या शब्दावर न घेता पडताळावी लागते, पहिल्या विक्रीपासून १५ दिवसांत एसईसीला फॉर्म डी द्यायचा. तिकडे आलेला पैसा रेग सीएफच्या बेरजेत धरला जात नाही. समजा एंजलांकडून ४ लाख तिकडे आले, तर रेग सीएफची कमाल साडेआठ लाखांवर आणता येते आणि फट रुंद होते. समांतर फेरीवर पोर्टल कमिशन लावतं का, हे करारात बघा. काही लावतात.

कलम_४अ

हे बरोबर, फक्त ५०६(सी)च्या जाहिरातीत रेग सीएफच्या अटी आल्या तर तिलाही नियम २०४ लागतो. वेबसाइटवर दोन्हींची पानं वेगळी ठेवा.

नॉमिनी_खाते

शेवटचा प्रश्न कोणी घेतला नाही: फंड पळतात का.

लहान शेअरधारकांची संख्या ही अडचण नसते, सह्यांची संख्या असते. पुढच्या फेरीत संमती, हक्कत्याग, मतदान यासाठी ७०० लोकांच्या मागे लागावं लागेल असं दिसलं की फंडाचा वकील नाक मुरडतो. उपाय आधीच करायचा असतो, नंतर होत नाही.

ब्रिटनमध्ये नॉमिनी ही जुनी रीत आहे: कायदेशीर शेअरधारक एक, लाभार्थी अनेक. अमेरिकेत २०२१पासून क्राउडफंडिंग व्हेइकल वापरता येतं. गर्दी व्हेइकलमध्ये गुंतवते, व्हेइकल तुमच्या कंपनीत, कॅप टेबलवर एक ओळ. अटी कडक आहेत. व्हेइकलला दुसरा कोणताही धंदा करता येत नाही, ते सहजारीकर्ता म्हणून फॉर्म सीवर येतं, त्याचा खर्च तुमच्या कंपनीने करायचा, गुंतवणूकदाराकडून त्यासाठी शुल्क घ्यायचं नाही, आणि मतदान व माहितीचे हक्क आतल्या माणसापर्यंत जसेच्या तसे पोचवायचे. म्हणजे मतदान पुन्हा ७०० जणांकडेच जातं, फक्त गोळा एका जागी होतं. ज्याला पूर्ण शांतता हवी त्याने शेअरच मतदानाविना द्यावेत किंवा मतदानाचं मुखत्यारपत्र वर्गणीच्या करारातच घ्यावं, आणि ते पानावर स्पष्ट लिहावं. व्हेइकलवर भागीदारीसारखा कर लागत असेल तर दरवर्षी प्रत्येकाला के-१ (त्याच्या वाट्याच्या उत्पन्नाचा करासाठीचा दाखला) द्यावा लागेल, तो खर्च कोण बघणार हे आधी विचारा.

थेट शेअर दिले तर निदान ड्रॅग-अलाँगचं कलम (बहुमताने कंपनी विकली तर छोट्यांनीही विकायचं) आणि एसईसीकडे नोंदलेला ट्रान्सफर एजंट (शेअरधारकांची नोंदवही ठेवणारा) हवाच. एजंट का, तर एरवी १ कोटी डॉलरवर मालमत्ता आणि २,००० शेअरधारक, किंवा ५०० बिगरमान्यताप्राप्त शेअरधारक झाले की कंपनीला सार्वजनिक कंपनीसारखी नोंदणी करावी लागते. रेग सीएफचे शेअरधारक या मोजणीतून वगळले जातात, पण तीन अटींवर: एजंट नेमलेला असावा, मालमत्ता २.५ कोटींच्या आत असावी, आणि वार्षिक अहवाल वेळेवर दिलेले असावेत.

हा वार्षिक अहवाल म्हणजे फॉर्म सी-एआर, वर्ष संपल्यापासून १२० दिवसांत. ऑडिट किंवा रिव्ह्यू त्यात लागत नाही, मुख्य अधिकाऱ्याचं प्रमाणन चालतं, म्हणून तो महाग नाही. तरी पैसा हातात आला की तोच आधी विसरला जातो. चुकवला तर वरची सूट धोक्यात येते आणि थकलेले अहवाल भरेपर्यंत पुढची रेग सीएफ ऑफर बंद. सुटका कधी? एक अहवाल दिल्यावर नोंदीतले शेअरधारक ३००च्या आत असतील तर, किंवा तीन अहवाल दिले आणि मालमत्ता १ कोटीच्या वर नाही तर. मग फॉर्म सी-टीआर भरून मोकळं व्हायचं. व्हेइकलचा आणखी एक फायदा इथे दिसतो, नोंदीतल्या शेअरधारकांचा आकडा लहान राहतो. पण त्यावर विसंबण्याआधी वकिलाकडून लेखी घ्या.

शेअर पहिलं वर्षभर विकता येत नाहीत, अपवाद कंपनीला परत, मान्यताप्राप्त गुंतवणूकदाराला किंवा कुटुंबातल्या माणसाला. "माझे शेअर विकायचेत" अशी पत्रं तेराव्या महिन्यापासून येऊ लागतात. उत्तराचा मसुदा आत्ताच लिहून ठेवा.

भांडवल_हवंय

एंजलांपैकी एकाशी आजच बोललो, ५०६(सी)मधून यायला तयार आहे. दोन्ही सेफ काढले: एकात व्याख्या फक्त अग्रहक्क शेअरांची आहे, दुसऱ्यात "कोणत्याही वर्गाचे शेअर" असं लिहिलंय. म्हणजे साधे शेअर विकले तर एक सेफ बदलेल, दुसरा नाही?

कलम_४अ

हो. आधी ज्याच्या सेफमध्ये फक्त अग्रहक्क शेअर लिहिलेत त्या एंजलकडून दुरुस्तीपत्र घ्या, दोन्ही सेफ एकाच घटनेला रूपांतरित होतील असं. ते सहीसह हातात आल्यावरच सीपीएला कॅप टेबल द्या, कारण फॉर्म सीमधला भांडवल रचनेचा तक्ता त्यावर उभा आहे.